हलू नका

कानडीत ‘अल्लाडबेड्री’, हिंदीत ‘हिलना मत’, मराठीत ‘हलू नका’. बेळगावात एमआरआय टेक्निशियनला तिन्ही भाषा याव्या लागतात, आणि तिन्ही भाषांत त्याच्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य हेच. बसचा कंडक्टर ‘पुढं सरका’ म्हणतो तसं ते आपोआप तोंडातून पडतं. सोळा वर्षं झाली मला या कामाला. फोटो निघत असताना माणूस हलला की फोटो गेला, आमच्या मशीनचा सगळा धर्मच हा. मानेचा स्कॅन चालू असताना नुसता आवंढा गिळला तरी चित्रात रेघा उमटतात. त्यामुळं न हलणारा पेशंट आमच्या लेखी देवमाणूस.

जुलैतला दिवस होता. चार दिवस संततधार. घरातले कपडे वाळत नव्हते, भिंतींना हात लावला तर ओल हाताला लागत होती. अशा दिवसांत आमची मशीनची खोलीच काय ती कोरडी. बारा महिने तिथं वीस डिग्री. साडेदहाची अपॉइंटमेंट असलेले दोघं बाराला पोचले. खानापूरच्या पश्चिमेकडचं, जांबोटीच्या अंगाचं गाव. सकाळची बस चुकली, पुढं टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि घरातल्या एकदोन गोष्टीही बदलल्यात.

बाई अडतीस-चाळिशीच्या. हातात हिरव्या बांगड्या, पदर डोक्यावरनं घेतलेला, नजर फरशीवर. सोबत दीर. नवरा गोव्यात कामाला. खानापूर भागातली निम्मी तरणी माणसं असतात तशी, चोर्ला घाटानं महिन्यातून एकदा येणारी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘ब्रेन, एपिलेप्सी प्रोटोकॉल’. झटके येतात, अंग ताठ होतं, दहा-पंधरा मिनिटं हाक मारली तरी ओ नाही. पहिलं वर्ष घरच्यांनी अंगात येतंय म्हणून घालवलं. सौंदत्तीला यल्लम्माच्या पायांवर घालून आणलं, अंगारे झाले. मग कुणीतरी म्हणालं फिट असेल, आणि गाडी डॉक्टरकडं आली.

स्कॅनच्या आधी आम्ही एक फॉर्म भरतो. पेसमेकर आहे का, अंगात कुठं धातू आहे का, गरोदर आहात का, बंद जागेत भीती वाटते का. फॉर्म कानडी-इंग्रजीत छापलेला. प्रश्न मी मराठीत विचारले आणि उत्तरं दिली दिरानं.

“बंद जागेत भीती वाटते?”

“छे, ती कशाला भितीय? आत्ता लिफ्टमधनंच आली की वर.”

“मागं कधी ऑपरेशन, अपघात?”

“न्हाई. घराची भिंत पडलीती, त्याला झाली दोन वर्सं. काय लागलं न्हवतं तिला. एक बोट तेवढं मोडलंतं.”

मी लिहिलं: जुनं फ्रॅक्चर, उजव्या हाताचं बोट, रॉड-प्लेट नाही. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. धातू नाही ना, मग चला.

मंगळसूत्र काढताना बायका कां-कूं करतात. या बाईंनी मुकाट्यानं काढलं, जोडवी काढली, केसातल्या पिना एकेक मोजून आमच्या आयामावशींच्या हातात दिल्या. काचेच्या बांगड्या चालतात म्हटल्यावर फक्त एकदा मान हलवली. टेबलावर झोपल्या. डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी फोमचे तुकडे दाबून बसवले. चेहऱ्यावर पांढरा पिंजरा बसवला, त्याला आम्ही हेड कॉइल म्हणतो. थंडी वाजते म्हणून अंगावर जाड ब्लँकेट आणि त्यावरनं पट्टा. डाव्या हातात रबरी भोंगा दिला. काही वाटलं तर दाबा, मी लगेच येतो. टेबल आत सरकलं. मी काचेपलीकडं येऊन माइकचं बटण दाबलं, “अक्का, आता अर्धा तास. अजिबात हलू नका हं. काही झालं तरी हलू नका.”

आणि मशीन सुरू केलं.

ज्यांनी कधी एमआरआय केला नाही त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही. आतल्या कॉइलमधून वीज झपाझप चालू-बंद होते, चुंबकाच्या जोरानं त्या कॉइल थरथरतात, आणि आतल्या माणसाला वाटतं डोक्याशी कुणी पहार आपटतंय. शंभर डेसिबलच्या वर जातो आवाज, म्हणून कानात बोळे देतो. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, रिटायर झालेले जवान आमच्याकडं पाठ आणि गुडघे घेऊन कायम येतात. एक हवालदारकाका बाहेर येऊन हसत म्हणाले होते, “साहेब, हे तर एलएमजी मशीनगनचं बर्स्ट वाजतंय तुमचं.” हसत होते, पण भोंगा त्यांच्या मुठीतनं सुटत नव्हता. तेव्हा मीही हसलो होतो.

आकडीच्या पेशंटचा स्कॅन जरा निगुतीनं करावा लागतो. कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, करंगळीच्या पेराएवढ्या जाडीचा एक वळलेला भाग असतो, हिप्पोकॅम्पस. ग्रीकमध्ये याचा अर्थ समुद्रघोडा, आणि दिसतोही तसाच, शेपटी आत मुडपलेला. बऱ्याच जणांची आकडी तिथल्या डागातनं सुरू होते. म्हणून त्याच्या लांबीला बरोबर काटकोनात, पातळ-पातळ काप घ्यायचे. केळ्याच्या चकत्या कराव्यात तसे. काप जरा तिरका गेला किंवा पेशंट केसभर हलला, की डाग आहे की सावली हे डॉक्टरला कळत नाही. सोळा वर्षांत हजारो समुद्रघोडे कापले असतील मी असे.

त्या दिवशीचे काप बघून मी खुर्चीत पुढं सरकलो. इतकं स्वच्छ चित्र! जिवंत माणूस आहे, श्वास घेतो, गिळतो, कुठंतरी जरा तरी धूसर येतंच. इथं शिंपल्याच्या कडेसारखी एकेक रेघ. ज्युनियर पोराला हाक मारली, “ये, बघ. पुस्तकातला फोटो आहे हा.” मधे एकदा माइकवरनं विचारलं, “अक्का, बरं आहे ना?” उत्तर आलं नाही. बरेच पेशंट देत नाहीत. हलू नका म्हटलंय तर बोलायचं कसं, असा त्यांचा प्रश्न असतो. चांगली पेशंट आहे, असं मी मनात म्हटलं आणि पुढचा सिक्वेन्स, म्हणजे फोटोंची पुढची फेरी, लावला.

बत्तीस मिनिटांनी टेबल बाहेर घेतलं. पिंजरा काढला. “झालं अक्का, उठा.”

डोळे उघडे होते. छताकडं बघत होते, पण बघत नव्हते. मी चेहऱ्यासमोर हात हलवला. खांद्याला हात लावला. अंग लाकडासारखं ताठ नव्हतं, सैलही नव्हतं. भोंगा डाव्या हातात, अंडं धरावं तसा अलगद धरलेला, अर्धा तास एकदाही न दाबलेला. आणि उजव्या हाताची मूठ मात्र ब्लँकेटखाली अशी आवळलेली की नखं तळव्यात रुतली होती. पट्टा सोडला तेव्हा ती मूठ मला दिसली. चित्र मात्र पुस्तकातलं.

मी रेडिऑलॉजिस्ट मॅडमना बोलावलं. नाडी चौसष्ट. रक्तदाब ठीक. टॉर्च मारली तर बाहुल्या आकसत होत्या. घाबरलेल्या माणसाची नाडी एकशेवीस धावते, धाप लागते, घाम फुटतो. असे पेशंट आम्ही नेहमी बघतो, ते भोंगा दाबतात, ओरडतात, एकानं तर माझा शर्ट फाडला होता. हे तसं नव्हतं. बाई घाबरलेल्या दिसतच नव्हत्या. त्या तिथं नव्हत्याच.

दीर दारात आला, बघितलं आणि म्हणाला, “आलं बघा. ह्येच ते. चप्पल हुंगवा.” आणि खाली वाकला. पण चपला तर आम्ही बाहेरच काढायला लावल्या होत्या. तो अनवाणी पायांकडं बघत क्षणभर तसाच वाकून राहिला. मग म्हणाला, “कांदा हाय काय तुमच्यात?”

मॅडमनी तोवर त्यांच्या ओळखीच्या मानसोपचार डॉक्टरीण बाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला होता. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. श्वास, नाडी, बाहुल्या ठीक आहेत? आणि या बाईंवर मागं काही मोठा प्रसंग आला होता का? मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी फॉर्मकडं बघितलं. ‘जुनं फ्रॅक्चर, उजव्या हाताचं बोट.’

“भिंत पडली होती अंगावर,” मी म्हणालो.

पलीकडं जरा शांतता. मग त्या म्हणाल्या, “हलवू नका गदागदा, थोबाडीत मारू नका, तोंडावर पाणी मारू नका. त्या खोलीतनं बाहेर काढा. बसवा, पाय जमिनीला टेकू देत. नाव घेऊन, आज कुठला वार, कुठं आहात, आत्ता काय दिसतंय हे एकसारखं सांगत राहा. त्यांच्या गावच्या भाषेत बोलणारं कुणी आहे का?”

आयामावशी होत्या. माहेर खानापूरकडचंच. चाकाच्या खुर्चीतनं बाजूच्या खोलीत नेलं, खिडकी उघडली, मावशी खाली फरशीवर बसल्या आणि अक्कांच्या पायांचे दोन्ही तळवे आपल्या हातांत घेऊन जमिनीला दाबून धरले. “अगं बाय, बेळगावात हाईस तू. दवाखान्यात. आज गुरुवार. पाऊस पडालाय बाहेर. ही फरशी गार लागती का न्हाई बघ. बांगड्या कुठं घेतल्यास गे एवढ्या झ्याक?” आणि असंच. माहेरची जत्रा, कुणाची म्हैस व्याली, तांदूळ काय भाव. मला वाटलं होतं पाच मिनिटांत जाग येईल. पंचवीस मिनिटं लागली. मधे दोनदा मॅडम म्हणाल्या की थेट मोठ्या हॉस्पिटलात पाठवू. नेमकं कशानं परत आणलं कोण जाणे. आधी उजव्या हाताचा अंगठा हलला. मग मूठ सुटली. मग त्यांनी मावशींकडं बघितलं, खरंच बघितलं, आणि विचारलं, “म्हातारी कुठाय?”

मावशींना काय उत्तर द्यावं कळलं नाही. “कुठली म्हातारी गे?”

अक्कांनी खोली बघितली, खिडकी बघितली. “पाणी द्या,” म्हणाल्या.

चहा झाला. दीर बाहेर पानाच्या टपरीवर गेला. मी मंगळसूत्र आणि पिनांची वाटी द्यायला आत गेलो तेव्हा त्या आपणहून बोलल्या. आमच्या भागात बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, पुण्याच्या माणसाला ते चुकीचं वाटतं. मी जसं ऐकलं तसंच लिहितो.

“रातचं दोन-अडीच वाजलंतं. सासू आन मी भिंतीकडंला झोपलोतो. पाऊस लई. आवाज आला न्हाई कसला, एकदम काळंच झालं. माती नाकातोंडात. तुळई आडवी पडलीती म्हणून डोस्कं वाचलं. म्हातारीचा हात माझ्या हातात गावला. ह्या हातात.” उजवा हात पुढं केला. एक बोट वाकडं जुळलं होतं. “आधी गरम होता.”

मी काही बोललो नाही.

“बाहेरनं सगळी वरडत होती. हलू नको, हलू नको, हललीस तर तुळई येतीय खाली. उजाडेस्तवर तसंच. मी न्हाई हललो.” मग पिना एकेक करून केसांत खोवत, माझ्याकडं न बघता, “तुम्ही पण तसंच म्हणालासा. काय पण झालं तरी हलू नका.”

रागानं नाही म्हणाल्या. पावसाचं सांगावं तसं.

रिपोर्ट संध्याकाळी आला. नॉर्मल. मेंदूत गाठ नाही, रक्तस्राव नाही, हिप्पोकॅम्पसमध्ये डाग नाही. दुसऱ्या दिवशी दीर रिपोर्ट न्यायला आला, काउंटरवर उलटसुलट करून बघितला आणि माझ्याकडं आला. “नॉर्मल म्हणजे काय न्हाईच न्हवं? एवढं पैसं घातलं. म्हणजे सोंग करतीय म्हणायचं ही.”

खरं तर हे सांगणं माझं काम नव्हे. टेक्निशियननं रिपोर्टवर तोंड उघडू नये असा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. पण आदल्या रात्री मी त्या डॉक्टरीणबाईंशी तासभर फोनवर बोललो होतो, झोप तशीही लागली नव्हती. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, सांग. मी त्याला कन्सोलवर आणून त्याच्या वहिनीचं चित्र दाखवलं.

“पावणं, कुत्रं हाय घरात?”

“हाय की.”

“रात्री चोर दिसला तर आधी कोण उठतंय, तुम्ही का कुत्रं?”

“कुत्रं.”

“हे बघा कुत्रं.” समुद्रघोड्याच्या नाकापुढं बदामाएवढा एक गोळा असतो, अमिग्डाला. नावाचा अर्थही बदामच. धोका आला की हा आधी भुंकतो, डोकं विचार करायच्या आत. अंगात अ‍ॅड्रिनलिन सुटतं, आणि पळा, लढा, नाहीतर मेल्यासारखं पडून राहा, यातलं एक काहीतरी शरीर करतं. कपाळामागचा मेंदू म्हणजे घरातलं मोठं माणूस. ते उठून बघतं आणि कुत्र्याला म्हणतं, गप, मांजर हाय. बहुतेकांचं कुत्रं अशानं गप बसतं. वैनीचं कुत्रं त्या रात्रीपासून साखळी तोडून बसलंय आणि मोठ्या माणसाचं ऐकत नाही.

“आन हा घोडा?”

घोडा म्हणजे तलाठी. आठवण आली की तिच्यावर तारीख, वार, ठिकाण घालून दप्तरात लावणारा. म्हणून तुम्हाला बापाचं मरण आठवलं तरी ते मागं झालेलं म्हणून आठवतं. जिवावर बेतलेल्या वेळी कुत्रं इतकं भुंकतं की तलाठ्याचं काम धड होत नाही. ओल्या मातीचा वास, काळोख, छातीवरचं ओझं, ‘हलू नको’चा आवाज, हे सगळं पक्कं कोरलं जातं, पण तारखेशिवाय. मग दोन वर्षांनी त्यातला एक तुकडा समोर आला की मेंदू ते ‘तेव्हा’ म्हणून काढत नाही. ‘आत्ता’ म्हणून काढतो.

दीर बराच वेळ स्क्रीनकडं बघत उभा होता. “मग ते फोटूत का दिसंना?” म्हणाला.

प्रश्न चोख होता. उताऱ्यावर जमीन किती ते लिहिलेलं असतं, त्यात भांडण किती झालं ते नसतं, असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण हे माझ्या धंद्यातलं होतं. घोडा मोजणारा माणूस मी.

पुढचे काही महिने मी जमेल तसं वाचत गेलो, डॉक्टरीणबाई समजावत गेल्या. पहिल्या महायुद्धात सैनिक असे बधिर होऊन परतायला लागले तेव्हा १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरनं ‘शेल शॉक’ हा शब्द छापून आणला. बऱ्याच जणांना वाटायचं, तोफगोळ्याच्या हादऱ्यानं मेंदूला आतून इजा होत असावी. बाकीचे म्हणायचे, भित्रेपणा आहे. आमच्या दिराचं ‘सोंग’ तेवढंच जुनं आहे. अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेल्यांची अवस्था बघून १९८० साली मानसोपचाराच्या अधिकृत यादीत ‘पीटीएसडी’ हे नाव आलं, म्हणजे जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर मागं राहणारा मनाचा आजार. आणि मग आमच्या मशीनची पाळी आली. १९९५ मध्ये ब्रेम्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीटीएसडी असलेल्या २६ माजी सैनिकांचे हिप्पोकॅम्पस एमआरआयवर मोजले, बाकीच्या २२ जणांशी ताडून पाहिले. उजव्या बाजूचा सरासरी ८ टक्के लहान भरला.

हे वाचल्यावर मी लगेच जाऊन अक्कांचा स्कॅन उघडला, खोटं कशाला सांगू. उजवा, डावा, मान वाकडी करकरून बघितला. डोळ्यांना काही दिसत नाही. दिसणारही नाही. आठ टक्के हा दोन घोळक्यांच्या सरासरीतला फरक, आणि माणसामाणसांत मुळातच त्याहून जास्त फरक असतो. बैलगाडीच्या शर्यतीत खिल्लारं सरासरीनं उंच असतात म्हणून एका बैलाची उंची मोजून तो खिल्लार आहे की नाही ठरवता येत नाही. एका माणसाच्या फोटोवरून पीटीएसडी आहे किंवा नाही असं आजही कुणी सांगू शकत नाही.

त्यात २००२ साली आणखी एक गाठ पडली. जुळ्या भावांचा अभ्यास झाला. एक भाऊ युद्धावर गेलेला, दुसरा घरी राहिलेला. ज्याला गंभीर पीटीएसडी झाला त्याचा हिप्पोकॅम्पस लहान, आणि घरी राहिलेल्या, बंदुकीचा आवाजही न ऐकलेल्या त्याच्या जुळ्याचाही लहान! म्हणजे आघातानं घोडा आकसतो, की मुळात लहान घोड्याच्या माणसाला आघात जास्त लागतो? थोडं हे, थोडं ते, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मला हा अभ्यास आवडला. आपल्या सोयीचं उत्तर देत नाही तो.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. १९९६ साली रॉच यांच्या गटानं पीटीएसडीच्या आठ पेशंटना त्यांचाच प्रसंग ऐकवत दुसऱ्या प्रकारचा स्कॅन केला, रक्त मेंदूत कुठं जास्त धावतंय ते दाखवणारा. उजवीकडं अमिग्डालाच्या भागात रक्त वाढलं, आणि बोलणं जुळवणारा डावा भाग, ब्रोकाचा, तिथं कमी झालं. भीती पेटलेली, शब्द विझलेले. माइकवरनं मी विचारलं होतं ‘बरं आहे ना’, आणि उत्तर आलं नव्हतं, आणि मी खूश झालो होतो.

आणि नाडी चौसष्ट का, तेही कळलं. पीटीएसडी म्हणजे दचकणं, घाम, धडधड एवढंच माझ्या डोक्यात होतं. काही पेशंटमध्ये याच्या उलट होतं. मोठं माणूस कुत्र्याला इतकं दाबतं की घरातली सगळी हालचालच थांबते, माणूस स्वतःच्या अंगातनं उठून गेल्यासारखा होतो. २०१३ पासून याला पीटीएसडीचा वेगळा उपप्रकार मानतात. पळताही येत नाही आणि लढताही येत नाही अशा जागी अडकलेल्यांत हे जास्त दिसतं, असं बाई म्हणाल्या. तुळईखाली कुठं पळणार? ‘अंगात येतं’ म्हणून ज्याला वर्षभर अंगारे लावत होते, ते अंगातनं जाणं होतं.

आमच्या कामात मी काय बदललं ते फार मोठं नाही. फॉर्मवरचे प्रश्न आता सोबतच्या माणसाला बाहेर बसवून विचारतो, आणि एक प्रश्न हातानं लिहून वाढवलाय: कधी कुठं अडकून पडला होता का? दर सिक्वेन्सनंतर बोटं हलवायला सांगतो, काचेतनं दिसली पाहिजेत. मालकांचं म्हणणं, पेशंटमागं चार मिनिटं वाढतात. वाढतात खरी. त्यावरनं आमची महिन्यातून एकदा बोलाचाली होते. पहिल्या पावसात मातीचा वास आला की बायको कौतुकानं दार उघडते, मी आता काही बोलत नाही, पण वास नाकातनं थेट त्या बदामाकडं जातो, मधे कुठं थांबत नाही, हे आठवतं.

अक्का पुढच्या फेब्रुवारीत दिसल्या. त्या पेशंट नव्हत्या, दीर होता. उसाची मोळी उचलताना कमरेत चमक भरली, पाय बधिर, कमरेचा एमआरआय. तो आत कपडे बदलायला गेला तेव्हा त्या काउंटरपाशी आल्या. आधी ‘धारवाडला’ जायचं म्हटल्यावर घरात रडारड झाली होती. आमच्याकडं धारवाड म्हणजे वेड्यांचा दवाखाना, ब्रिटिशांच्या काळापासून. मग कळलं की खानापूरच्या सरकारी दवाखान्यातच मंगळवारी मनाचे डॉक्टर येतात. गोळी चालू आहे. एक कौन्सेलर मुलगी त्यांना ती रात्र पहिल्यापासून सांगायला लावते, न गाळता, क्रमानं, परत परत.

“पयल्यांदा जीव जातोय वाटलं. आता सांगतो. वाजलं किती, कोण आलं, म्हातारीला कधी काढली, सगळं सांगतो. परत सांग म्हणती ती. किती येळा सांगू गे, म्हणालो तिला.”

तारीख घालायचं काम चाललं होतं. जुनी आठवण पुसली जात नाही म्हणे, तिच्या शेजारी नवी नोंद होते, आणि नवी पुरेशी पक्की झाली तर मेंदू ती आधी काढतो. झटके?

“कमी हाईत. दिवाळीच्या पावसात एकदा आलंतं. जूनचं बघूया.”

दीर टेबलावर झोपला. मी अक्कांना कन्सोलच्या खोलीत येऊ दिलं, नियमात बसत नाही, पण त्यांनीच विचारलं होतं, आतनं कसं दिसतं बघू काय म्हणून. काचेतनं त्या मशीनकडं बघत होत्या, हात पदरात. मी माइकचं बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि बटण सोडून दिलं. काय म्हणायचं तेच सुचेना. मशीन सुरू झालं. दीर अर्ध्या मिनिटात पाय हलवायला लागला. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघा. स्क्रीनवर मणके विरघळल्यासारखे दिसायला लागले.

“हलालाय बघा त्यो,” अक्का म्हणाल्या.

“होय.”

“फोटू बिघडतोय न्हवं?”

“बिघडतोय.”

“मग सांगा की त्याला,” त्या म्हणाल्या, “त्याला सांगायला काय होतंय!” आणि पदर तोंडाला लावून हसल्या.